मराठी ऑनलाइन फॉर्म लोकांना स्वतः भरता यावा म्हणून काय काय करायचं

ऑनलाइन फॉर्म बरा की वाईट हे ओळखायची एक खूण आहे. लोक तो घरी बसून स्वतः भरतात, की चौकातल्या महा ई-सेवा केंद्रात पैसे मोजून भरून घेतात? दुसरं होत असेल तर रांग तशीच राहिली, फक्त ऑफिसच्या खिडकीवरून केंद्राच्या दारात सरकली.

पतसंस्था, शाळा, वाचनालय, हाउसिंग सोसायटी यांच्यासाठी जे फॉर्म बनवतात किंवा बनवून घेतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण पतसंस्थेच्या सभासदत्वाच्या अर्जाचं घेतो, कारण त्यात नाव, पत्ता, तारीख, बँक खातं, फोटो, ओटीपी सगळंच येतं. माझं म्हणणं एवढंच आहे की लोक जसं लिहितात तसं फॉर्मनं घ्यावं. फॉर्मला हवं तसं लिहायला लोकांना शिकवत बसू नये. ‘फॉर्म कसा भरावा’ असा व्हिडिओ काढायची वेळ आली की समजायचं, काम व्हिडिओचं नाही, फॉर्मचं आहे.

पायरी १: शेजारी बसा आणि गप्प राहा

सगळ्यात आधी हेच करा, आणि बदल करून झाल्यावर पुन्हा करा. सर्वेक्षण नको, ‘तुम्हाला काय आवडेल?’ हेही नको. ज्यांना हा अर्ज खरोखर भरायचा आहे अशी चार-पाच माणसं शोधा. ऑफिसातली नकोत, कारण त्यांना सगळं ठाऊक असतं. भाजीचा गाळा चालवणाऱ्या काकू, निवृत्त मास्तर, नुकताच नोकरीला लागलेला मुलगा, अशी वेगवेगळी घ्या. फोन त्यांचाच असू द्या. तुमचा नवा कोरा फोन हातात दिलात तर त्यांच्या फोनची फुटकी काच, भरलेली मेमरी आणि मोठे करून ठेवलेले अक्षर यातलं काहीच तुम्हाला दिसणार नाही.

पाचच का? याकोब नीलसन आणि टॉमस लँडाउअर या वापरसुलभतेच्या अभ्यासकांनी १९९३ साली मांडलेल्या हिशोबात एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो आणि पाच जणांत मिळून सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. ही सरासरी त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांची आहे, तुमच्या फॉर्मला ती तंतोतंत लागू पडेलच असं नाही. पण पाच जणांना बघून दुरुस्ती करणं आणि मग नव्या पाच जणांना बघणं, हे वीस जणांना एकदाच बघण्यापेक्षा जास्त कामाचं, हे मात्र पक्कं. वापरणारे गट फारच वेगळे असतील, समजा शेतकरी सभासद आणि शहरातले नोकरदार, तर प्रत्येक गटातले तीन-चार घ्या.

सुरुवातीला एवढंच बोला: “काकू, परीक्षा तुमची नाही, आमच्या फॉर्मची आहे. जिथं अडेल तिथं मनात येईल ते मोठ्यानं बोला.” मग काम सांगा, पण बटणांची नावं न घेता. “सभासद व्हायचंय, तुमच्या मुलीला वारस लावायचंय” असं सांगा. “वर उजवीकडे नोंदणी दाबा” असं सांगितलंत की चाचणी संपली.

त्यानंतर गप्प बसणं हेच अवघड. काकू विचारतील, “इथं काय लिहू रे?” आपला हात आपसूक पुढे जातो. जाऊ देऊ नका. “तुम्हाला काय वाटतं?” एवढंच म्हणा आणि वहीत लिहा: कोणत्या चौकटीपाशी थांबल्या, काय म्हणाल्या, काय दाबलं. फोनचा स्क्रीन रेकॉर्ड करायचा असेल तर आधी विचारा, आणि खरा आधार किंवा खाते क्रमांक टाकायला लावू नका. खोटे आकडे कागदावर लिहून द्या.

हमखास दिसणारा एक प्रकार सांगतो. काकू शेवटची चौकट भरून ‘पुढे’ दाबतात. फोनचा कीबोर्ड उघडाच आहे, अर्धा पडदा त्यानं व्यापलेला. चूक वर, पाचव्या चौकटीत आहे आणि लाल ओळही तिथंच उमटली आहे. काकूंना ती दिसत नाही. त्यांच्या दृष्टीनं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. त्या पुन्हा दाबतात, मग जोरात दाबतात, मग म्हणतात, “नेट गेलं वाटतं.” सर्व्हरच्या नोंदीत हे ‘वापरकर्ता मधेच निघून गेला’ असं दिसतं. शेजारी बसल्याशिवाय हे कळत नाही.

शेवटी त्या म्हणतील, “छान आहे हो फॉर्म.” आपल्याकडे घरी आलेल्याच्या तोंडावर कोणी वाईट बोलत नाही. हे वाक्य वहीत लिहू नका.

पायरी २: प्रश्न उडवा

अर्जातला प्रत्येक प्रश्न कागदावर उतरवा आणि पुढे दोन गोष्टी लिहा: हे उत्तर ऑफिसात कोण वापरतं, आणि कशासाठी? ‘आधीच्या छापील अर्जात होतं म्हणून’ असं उत्तर आलं की प्रश्न गेला. जन्मतारीख घेतली की वय विचारायचं कारण नाही. ‘कायमचा पत्ता’ पुन्हा लिहून घेण्याऐवजी ‘वरचाच पत्ता’ अशी एक खूण पुरते. एकदा दिलेली माहिती त्याच कामात पुन्हा भरायला लावू नये, हा २०२३ साली आलेल्या वेब सुलभता निकषांच्या २.२ आवृत्तीतला एक नियमच आहे.

पिनकोड आधी विचारा. सहा आकडे टाकले की राज्य आणि बहुतेक वेळा जिल्हा आपोआप भरता येतो. एकाच पिनकोडात बरीच गावं असतात, त्यामुळे गावाची यादी दाखवा आणि यादीत नसलेलं गाव हातानं लिहायची सोय ठेवा. भरलेला जिल्हा बदलताही आला पाहिजे.

सुरुवातीच्या पानावर कोणते कागद लागतील ते सांगा: पॅन, पासबुकाचं पहिलं पान, फोटो. निम्मा अर्ज भरल्यावर ‘रेशनकार्ड जोडा’ असं आलं तर माणूस कपाटाकडे उठतो आणि परत येईपर्यंत पान मेलेलं असतं. म्हणून अर्धवट अर्ज आपोआप जतन व्हायलाच हवा.

पायरी ३: नाव

इथं थोडं रेंगाळतो, कारण मराठी फॉर्म सर्वांत जास्त इथंच फसतात.

बऱ्याच फॉर्ममध्ये नाव, मधलं नाव, आडनाव अशा तीन चौकटी आणि तिन्ही बंधनकारक असतात. पण कुणाला आडनावच नसतं, कुणी वडिलांचं नाव लावत नाही, लग्नानंतर कुणी नाव बदलतं, कुणी नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्र सरकारच्या कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. ही मुलं लवकरच शाळेच्या फॉर्मात येतील, तेव्हा तीन चौकटींचं काय करणार? माझा सल्ला सरळ आहे: ‘पूर्ण नाव, पॅन कार्डावर आहे तसं’ अशी एकच लांब चौकट ठेवा. आडनाव वेगळं लागतच असेल तर वेगळं घ्या, पण सक्ती फक्त पहिल्या चौकटीला करा.

आता तपासणीकडे. प्रोग्रामर लिहितो की नावात फक्त अक्षरं चालतील. युनिकोडच्या, म्हणजे संगणकात सगळ्या लिप्या साठवायच्या प्रमाण पद्धतीच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही ‘अक्षरं’ नसून ‘चिन्हं’ आहेत. त्यामुळे ‘कमल’ चालतं आणि ‘शांता’ चुकीचं ठरतं. अक्षरांच्या गटाबरोबर चिन्हांच्या गटालाही परवानगी द्या.

लांबीचंही तसंच. ‘ज्ञानेश्वर’ वाचताना आपल्याला चार अक्षरं दिसतात. संगणकाच्या मोजणीत ती दहा होतात, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या नेहमीच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे तीस बाइट. डेटाबेसमध्ये नावाचा रकाना पन्नास बाइटचा ठेवला असेल तर ज्ञानेश्वरांचं आडनाव अर्ध्यात तुटणार. सढळ हातानं जागा द्या.

सगळ्यात छळवादी आहे तो ऱ. गोऱ्हे, कऱ्हाडे ही आडनावं दोन पद्धतींनी टाइप होतात. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर घालून त्याला हलन्त जोडतात. काही साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तपासणी त्या अदृश्य चिन्हावर अडते आणि गोऱ्हे बाईंना संदेश येतो: ‘नावात अवैध चिन्ह आहे.’ त्या नाव दहादा वाचतात, चूक सापडत नाही, कारण ती दिसतच नाही. शिवाय एका पद्धतीनं साठवलेलं नाव दुसऱ्या पद्धतीनं शोधलं तर सापडत नाही. युनिकोडचं प्रमाणरूप (नॉर्मलायझेशन) करून घेतलं तरी हा फरक मिटत नाही. साठवण्यापूर्वी दोन्ही रूपं एकाच रूपात बदलणारा नियम स्वतः लिहावा लागतो. ॲ, ऍ आणि अ वर चंद्र अशा तीन रूपांचंही तेच करा, नाहीतर ‘ॲड.’ लावून नाव लिहिणारे वकील शोधात कायमचे हरवतील.

पायरी ४: आकडे

मराठी कीबोर्डवर बऱ्याचदा देवनागरी आकडे उमटतात. ‘९८’ टाइप केलं की कित्येक फॉर्म ‘फक्त अंक टाका’ म्हणतात. माणसानं अंकच टाकलेले असतात! जावास्क्रिप्टमधली अंक ओळखायची नेहमीची खूण फक्त इंग्रजी आकडे ओळखते. माहिती हातात आल्याबरोबर देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकडे करून घ्या, मगच तपासा. आकड्यांच्या चौकटीत अंकांचाच कीपॅड उघडेल अशी इनपुटमोडची सूचना द्या. चौकटीचा प्रकारच ‘नंबर’ ठेवण्याचा मोह टाळा, कारण त्यात सुरुवातीचं शून्य गळू शकतं आणि काही ठिकाणी माउसचं चाक फिरलं की आकडा बदलतो.

बाकीच्या चौकटींतही लोकांच्या सवयी सांभाळा:

- मोबाइल: मधल्या जागा, सुरुवातीचं शून्य, +९१ हे सगळं गुपचूप काढून टाका आणि दहा आकडे मोजा.
- रक्कम: ‘१,२५,०००’ मधले स्वल्पविराम चालू द्या. खाली ‘एक लाख पंचवीस हजार’ असं अक्षरी दाखवलंत तर एक शून्य जास्त पडल्याचं भरणाऱ्याच्याच लक्षात येतं.
- आयएफएससी (बँकेच्या शाखेचा कोड): अकरा खुणांतली पाचवी नेहमी शून्य असते, आणि लोक तिथं हमखास इंग्रजी ओ टाकतात. तिथं दुसरं काही असूच शकत नाही, तर चूक दाखवायची कशाला? तुम्हीच शून्य करून टाका. मग कोडवरून शाखेचं नाव दाखवा.
- पॅन: लहान लिपीत टाकला तर कॅपिटल करून घ्या.

जन्मतारखेला कॅलेंडर नको. १९५८ सालापर्यंत महिने मागे सरकवणारे मास्तर मी पाहिले आहेत, त्यांचा संयम दांडगा होता. दिवस, महिना, वर्ष अशा तीन साध्या चौकटी द्या. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर हीच पद्धत आहे. कॅलेंडर पुढच्या आठवड्यातली भेट ठरवायला ठीक.

पायरी ५: फोटो आणि ओटीपी

‘फोटो २० ते ५० केबीमध्येच असावा’ या एका ओळीवर कित्येक केंद्रांचा धंदा चालतो. फोनचा फोटो काही एमबीचा असतो आणि तो लहान कसा करायचा हे सामान्य माणसाला माहीत असायचं कारण नाही. हे काम ब्राउझरमध्येच होतं: फोटो निवडला की तिथल्या तिथं आकार कमी करा, मग पाठवा. त्यानं भरणाऱ्याचा डेटाही वाचतो. आयफोनचे फोटो २०१७ पासून हाइक (HEIC) नावाच्या वेगळ्या प्रकारात साठतात, तेही स्वीकारा. निवडलेला फोटो मोठा करून दाखवा, म्हणजे पासबुकाऐवजी नातवाचा फोटो गेला तर कळेल.

ओटीपीच्या सहा सुट्या चौकटी दिसायला बऱ्या, पण बऱ्याचदा त्यात पेस्ट होत नाही. एकच चौकट ठेवा आणि तिला ऑटोकम्प्लीटची ‘वन टाइम कोड’ ही खूण लावा, म्हणजे जिथं सोय आहे तिथं मेसेजमधला आकडा कीबोर्डच सुचवतो. भरणारा मेसेज बघायला दुसऱ्या ॲपमध्ये गेला तरी पान जसंच्या तसं राहिलं पाहिजे. ही चाचणी जुन्या, कमी मेमरीच्या फोनवर करा. वेळेची मर्यादा असेल तर ती संपण्याआधी सांगा आणि एका बटणात वाढवता येऊ द्या. त्या बटणासाठी निदान २० सेकंद द्यावीत, असं सुलभतेचे निकष सांगतात.

एक बारकावा: इंग्रजी एसएमएसमध्ये १६० खुणा बसतात, देवनागरीत ७०. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. मराठी मेसेज लांबला की त्याचे दोन होतात आणि खर्चही दुप्पट. म्हणून ओटीपीचा आकडा सुरुवातीलाच घाला, गोड बोलणं नंतर.

पायरी ६: चूक सांगायची कशी

‘अवैध इनपुट’, ‘प्रमाणीकरण अयशस्वी’, ‘कृपया वैध मूल्य प्रविष्ट करा’. असं कोणी कोणाशी बोलत नाही. काऊंटरवरचा जुना कारकून काय म्हणाला असता ते आठवा आणि तेच लिहा, फक्त खेकसणं वगळून. ‘मोबाइल नंबरात ९ च आकडे आहेत, एक राहिला.’ ‘हा पिनकोड सापडला नाही. पत्राच्या पाकिटावर असतो तो सहा आकडी नंबर टाका.’

संदेश त्या चौकटीला लागून द्या, आणि पान आपोआप पहिल्या चुकीपाशी न्या. पायरी १ मधल्या काकूंना तेवढंच हवं होतं. एक चूक झाली म्हणून बाकीचं भरलेलं पुसू नका, निवडलेला फोटोसुद्धा नाही.

चौकटीचं नाव चौकटीच्या वर, कायम दिसेल असं ठेवा. चौकटीच्या आत फिक्या अक्षरात लिहिलेलं नाव टाइप करायला लागताच गायब होतं आणि आपण काय भरत होतो हे विसरायला होतं. बटणावर जे होणार आहे ते लिहा: ‘अर्ज पाठवा’, ‘२०० रुपये भरा’. पाठवून झाल्यावर अर्ज क्रमांक, पुढे काय होणार आणि किती दिवसांत, हे दाखवा आणि मेसेजही करा. नाहीतर लोक शंकेनं पुन्हा भरतात आणि ऑफिसात एकाच माणसाचे तीन अर्ज जमतात.

पायरी ७: डोळ्यांना आणि बोटांना

देवनागरीला ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. ओळी जवळ आणल्या की खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात घुसते, आणि ठरावीक उंचीच्या बटणात तर मात्रा कापल्याच जातात. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) ओळीची उंची १.६ च्या आसपास ठेवून बघा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. तिरपं अक्षरही नको.

पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचं नोंदवा. बऱ्याच साच्यांमध्ये इंग्रजीच राहून जाते. ही नोंद असली की ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श आहेत त्यांत ते उमटतात, आणि पान वाचून दाखवणारा आवाज मराठी उच्चार निवडतो.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक निदान ४.५ : १ हवा. पांढऱ्यावर फिकट करडं अक्षर डिझायनरच्या मोठ्या पडद्यावर नाजूक दिसतं, दुपारच्या उन्हात एसटी स्टँडवर दिसतच नाही. बटणाचा आकार निकषांप्रमाणे किमान २४ पिक्सेल चालतो, पण अँड्रॉइडची शिफारस ४८ ची आहे आणि तीच पाळा.

फोनचं अक्षर सर्वांत मोठं करून पूर्ण अर्ज एकदा भरा. मग अँड्रॉइडमधलं टॉकबॅक, म्हणजे पडदा वाचून दाखवणारी सोय, चालू करा, डोळे मिटा आणि पुन्हा भरून बघा. ‘बटण, नाव नाही’ असं ऐकू आलं की तिथं नुसतं चित्र आहे, नाव दिलेलं नाही. अंध माणसाला फॉर्म भरता येणं ही आता कुणाच्या मर्जीची गोष्ट राहिलेली नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहेच, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो खटला ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन अर्जदारांचा होता. त्यांना ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, करता येत नव्हती, कारण यंत्र सांगत होतं, डोळे मिचकावा.

पायरी ८: सुरू झाल्यावर

कोणत्या चौकटीत किती वेळा चूक दाखवली गेली याची नोंद ठेवा. भरलेली माहिती साठवू नका, फक्त चौकटीचं नाव आणि चुकीचा प्रकार. महिन्याभरात दोन-तीन चौकटी ठळकपणे वर येतील. एखाद्या चौकटीत दर पाचातला एक माणूस चुकत असेल तर त्या चौकटीचा नियम तपासा.

दुसरी नोंद फोन उचलणाऱ्या ताईंकडे. त्यांना एक वही द्या आणि लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहायला सांगा. ‘वारसदार म्हणजे नॉमिनी का?’ असं पुन्हा पुन्हा आलं तर लेबलवर दोन्ही शब्द टाका. दर महिन्याच्या बैठकीला ती वही आणि चुकांची यादी शेजारी ठेवा, वरच्या तीन गोष्टी निवडा, आणि त्या दुरुस्त होईपर्यंत फॉर्ममध्ये नवीन चौकट घालायची मागणी कोणाचीही आली, अगदी चेअरमनसाहेबांची, तरी थांबवून ठेवा.